स्विफ्टला १६५ काढून १८५ चे टायर: माप, रिम आणि बसवणी

खालच्या मॉडेलच्या स्विफ्टला, म्हणजे एलएक्सआय-व्हीएक्सआयला, कंपनीकडून १६५/८० आर १४ टायर येतात. ते गोटा व्हायला आले की प्रश्न पडतो, पुन्हा तेच बारीक टायर घ्यायचे की जरा रुंद टाकायचे? दुकानात विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं: "बसतंय की साहेब, सगळे टाकतात." बसतं म्हणजे रिमवर चढतं, एवढाच त्याचा अर्थ. स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर, मागे तिघं बसल्यावर आणि डिक्की भरल्यावर ते गाडीत बसतं का, हे दुकानाच्या दारात कळत नाही.

स्विफ्टच्या बाबतीत निम्मं उत्तर मारुतीनेच देऊन ठेवलंय. २०११ नंतरच्या स्विफ्टच्या झेडएक्सआयला, म्हणजे वरच्या मॉडेलला, १८५/६५ आर १५ टायर येतात. बॉडी तीच, सस्पेन्शनची मांडणी तीच. त्यामुळे १८५ रुंदी या गाडीत मावते हे कारखान्यातच सिद्ध झालेलं आहे. त्यापुढे गेलात तर मोजमापाची जबाबदारी तुमची. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर टायरच्या मापांचं आणि हवेचं स्टिकर दिसतं. सुरुवात तिथून करा, कारण साल आणि मॉडेलप्रमाणे फरक असतो.

आकड्यांचा हिशोब

१६५/८० आर १४ मध्ये १६५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी. १४ हा रिमचा व्यास, इंचात. एकूण व्यास काढायचा तर १४ ला २५.४ ने गुणा आणि भिंतीची उंची दोनदा मिळवा: ३५५.६ + २६४ = ६१९.६ मिमी. हा आकडा पाठ करून ठेवा, नवा टायर याच्याशीच ताडून बघायचाय.

नुसती रुंदी वाढवली की भिंतही वाढते, कारण ती टक्क्यात आहे. म्हणून रुंदी वाढवताना टक्का उतरवावा लागतो. स्विफ्टसाठी दुकानात सुचवली जाणारी मापं अशी:

१८५/७० आर १४: व्यास ६१४.६, फरक उणे ०.८ टक्के. चांगलं.
१८५/६५ आर १५: ६२१.५, फरक अधिक ०.३ टक्के. सगळ्यात जवळचं.
१९५/६० आर १५: ६१५, उणे ०.७ टक्के. व्यास ठीक, पण रिम रुंद लागते.
१९५/६५ आर १५: ६३४.५, अधिक २.४ टक्के. घासण्याची शक्यता इथून सुरू.
१७५/७० आर १४: ६००.६, उणे ३ टक्के.
१८५/६५ आर १४: ५९६.१, उणे ३.८ टक्के. नको.

फरक दोन टक्क्यांच्या आत ठेवा. तीन टक्के चालतात असं सर्रास सांगितलं जातं, पण लहान गाडीला दोनच बरे. शेवटच्या मापाकडे जरा थांबून बघा, कारण "१८५ आहे, स्वस्त आहे, स्टॉकमध्ये आहे" म्हणून तेच गळ्यात मारलं जातं. व्यास साडेतेवीस मिमीने कमी म्हणजे गाडी जवळजवळ १२ मिमी खाली बसते. तिसऱ्या पिढीच्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स १६३ मिमी. त्यातले १२ गेले की गावातल्या स्पीडब्रेकरवर भरलेली गाडी खालून खरवडणारच. शिवाय भिंत १३२ वरून १२० वर येते, म्हणजे खड्ड्यात रिम वाकायला तेवढीच सोपी.

व्यास वाढवला तर उलटं होतं. मीटर कमी दाखवायला लागतो. १९५/६५ आर १५ वर मीटरला ८० दिसतात तेव्हा मूळ टायरच्या हिशोबाने वेग ८२ च्या आसपास असतो. किलोमीटरही कमी मोजले जातात. टायर बदलल्यावर मायलेज एकदम पडलं अशी तक्रार असते, त्यातले दोन-अडीच टक्के निव्वळ या मोजणीचे असतात. बाकीचं पडणं खरं, कारण रुंद टायर जड असतो आणि लोळायला जास्त जोर घेतो.

मापाच्या पुढे ८५टी किंवा ८८एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. आकडा म्हणजे वजन पेलायची क्षमता: ८५ म्हणजे एका टायरला ५१५ किलो, ८८ म्हणजे ५६०. अक्षर वेगाचं: टी म्हणजे १९०, एच म्हणजे २१०. नव्या टायरचा आकडा जुन्यापेक्षा कमी चालणार नाही, अक्षरही खालचं नको. १८५/७० आर १४ आणि १८५/६५ आर १५ बहुधा ८८ मध्ये मिळतात, त्यामुळे इथे अडचण येत नाही.

रिमची रुंदी, जी कुणी विचारत नाही

टायर किती रुंद घ्यायचा हे रिम ठरवते. रिमच्या आतल्या बाजूला, कधी व्हॉल्व्हजवळ, माप कोरलेलं असतं: १४×५जे अशा धर्तीचं. यातला ५ म्हणजे दोन बीडमधली (बीड म्हणजे टायरची रिमला घट्ट बसणारी कड) रुंदी, इंचात. चिखल पुसून ते वाचा आणि फोटो काढून ठेवा.

१६५/८० ला ४ ते साडेपाच इंच रिम चालते. १८५/७० ला साडेचार ते ६. १८५/६५ ला ५ ते साडेसहा. १९५/६० आणि १९५/६५ ला किमान साडेपाच. म्हणजे रिम ५ इंची असेल तर १८५/७० आर १४ त्याच रिमवर बसेल. पण ५ इंची रिमवर १९५ चढवणं चूक. मशीनवर तो चढतो, हवाही धरतो. मात्र भिंती फुग्यासारख्या बाहेर येतात, मधला भाग उंचावतो आणि नक्षी मधूनच झिजते. वळणावर टायर रिमवर डोलतो, स्टेअरिंगला एक क्षण उशिरा उत्तर मिळतं. हवा कमी असताना कडेच्या दगडाला लागला तर बीड सुटू शकते.

जुन्या गाडीच्या रिमवर आणखी एक गोष्ट बघा. ट्यूबलेस टायरसाठी रिमच्या आत बीड अडवणारी उंच कडा लागते. ट्यूबच्या जमान्यातल्या काही रिमना ती नसते. अशा रिमवर ट्यूबलेस टायर टाकला तर वळणात हवा एकदम निघून जायचा धोका असतो.

दोन रस्ते

पहिला, आहे त्याच लोखंडी रिमवर १८५/७० आर १४. खर्च फक्त टायरचा. भिंत १२९.५ मिमी, म्हणजे मूळच्या जवळपासच, त्यामुळे खड्ड्यांचा त्रास वाढत नाही. गावाकडच्या रस्त्यांवर फिरणाऱ्या गाडीला हाच जास्त शहाणपणाचा.

दुसरा, झेडएक्सआयच्या १५ इंची रिम आणि १८५/६५ आर १५. भिंत १२० मिमी. वळणावर गाडी जास्त घट्ट राहते, दिसायलाही भरीव. कंपनीच्याच रिम मिळाल्या, जुन्या पण न वाकलेल्या, तर मोजमापाचा प्रश्न संपतो. बाजारातल्या अलॉय रिम घेणार असाल तर चार गोष्टी जुळल्या पाहिजेत.

पीसीडी ४×१००, म्हणजे चार बोल्ट आणि ते ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास १०० मिमी. फियाट पुंटोची रिम ४×९८ असते. दोन मिमीचाच फरक म्हणून ती रेटून बसवणारे महाभाग आहेत. नट तिरके बसतात, घट्ट लागल्यासारखे वाटतात आणि मग सैल होतात.

मधलं भोक ५४.१ मिमी. बाजारातल्या रिमचं भोक मोठं असतं, म्हणजे एकच रिम अनेक गाड्यांना विकता येते. मधल्या पोकळीत हब रिंग टाकावी लागते (हब म्हणजे चाक ज्यावर बसतं तो गाडीचा गोल भाग), बाहेरून रिमच्या मापाची, आतून ५४.१ ची. ती टाकली नाही तर चाक बरोबर मध्यावर बसेलच असं नाही, आणि ८०-९० च्या वेगाला स्टेअरिंग थरथरतं. मग लोक तीन-तीनदा बॅलन्सिंग करून घेतात आणि दोष मशीनला देतात.

नटचे आटे सुझुकीला १२×१.२५. ह्युंदाईच्या छोट्या गाड्यांनाही पीसीडी ४×१०० आणि भोक ५४.१ असतं, रिम हुबेहूब बसते, पण नट १२×१.५ चे. चुकून तसे नट आले तर दोन आटे हाताने जातात आणि मग अडतात. तिथेच थांबायचं. नट आवळायच्या गनने रेटलं की स्टडचे, म्हणजे हबमधून बाहेर आलेल्या बोल्टचे, आटे गेले. नटची टोकदार बाजू आणि रिममधली बैठक एकाच आकाराची हवी. शंकूच्या बैठकीत गोल टोकाचा नट टाकला तर तो काठावरच टेकतो.

चौथी गोष्ट ईटी, म्हणजे ऑफसेट. रिमचा हबला टेकणारा भाग रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे, तो आकडा. उदाहरणार्थ मूळ रिम ५ इंची ईटी ४५ आणि नवी ६ इंची ईटी ३५ असेल तर: रुंदी एक इंचाने वाढली, म्हणजे दोन्ही बाजूंना १२.७ मिमी. ऑफसेट १० ने उतरला, म्हणजे सगळं चाक १० मिमी बाहेर सरकलं. बाहेरची कड २२.७ मिमी पुढे आली, आतली फक्त २.७ मिमी आत गेली. आत शॉकअपला लागणार नाही, पण बाहेर फेंडरच्या ओठावर घासेल आणि पावसात दारांवर चिखल उडवेल. हा हिशोब रिम घेण्याआधी कागदावर मांडा. स्पेसर घालून जागा करायचा मोह आवरा. त्याने स्टडचे आटे कमी पकडतात आणि बेअरिंगवर ताण वाढतो.

जागा मोजायची कशी

लहान मुलांच्या खेळण्यातली क्ले घ्या, किंवा कणकेचा गोळा. गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड लावलेले. पुढचं चाक काढा. शॉकअपचा नळा आणि स्प्रिंगची खालची वाटी टायरच्या आतल्या भिंतीला जिथे सर्वांत जवळ येते तिथे क्लेची बोटभर जाडीची पट्टी चिकटवा. चाक परत लावून हाताने हळूच एक फेरा फिरवा, पुन्हा काढा. क्ले जिथे दबली तिथली जाडी पट्टीने मोजा: तेवढीच जागा आज शिल्लक आहे. क्लेला टायर लागलाच नाही तर जागा पट्टीच्या जाडीपेक्षा जास्त. १६५ चा १८५ झाला की त्याच रिमवर आतून सुमारे १० मिमी जातात. ते वजा करून ७-८ मिमी उरली पाहिजे.

बाहेरच्या बाजूला फेंडरच्या ओठावरून ओळंबा सोडा. टायरची बाहेरची कड त्याच्या आतच राहायला हवी.

मागच्या चाकाला हेच, पण गाडी भरलेली असताना. रिकाम्या गाडीत मागे भरपूर जागा दिसते आणि तिथेच फसगत होते.

घ्यायचं सामान

टायर चारही एकाच मापाचे, एकाच नक्षीचे. एका अ‍ॅक्सलवर दोन रुंद्या कधीच नकोत. बजेट दोनच टायरचं असेल तर थांबा, चारही होतील तेव्हा करा. टायरच्या भिंतीवर चार अंकी तारीख असते. शेवटचे दोन अंक वर्ष, आधीचे दोन आठवडा. २२२५ म्हणजे २०२५ चा बाविसावा आठवडा. सहा महिन्यांपेक्षा जुना माल परत करा, सवलत मिळाली तरी.

व्हॉल्व्ह चार नवे. लोखंडी रिमवर व्हीलकॅप असेल तर टीआर ४१४, तो जरा लांब असतो. उघड्या अलॉयला टीआर ४१३ पुरतो. नवीन टायरवर जुना व्हॉल्व्ह ठेवणं ही पंचवीस-तीस रुपयांची बचत असते आणि रबर सुकून फुटलं की हवा तिथूनच जाते.

अलॉय असल्यास चार हब रिंगा, सोळा नट, आणि चिकटवायची बॅलन्सिंग वजनं. अलॉयच्या कडेला हातोडीने ठोकायची वजनं लावली की रंग उडतो.

बसवताना

दुकानात उभं राहून बघावं असं पाच-सहा ठिकाणी आहे.

जुना टायर निघाला की रिमची बीड बसायची जागा तारेच्या ब्रशने घासून घ्यायला सांगा. लोखंडी रिमवर तिथे गंज असतो, आणि हळूहळू उतरणाऱ्या हवेचं कारण बहुतेकदा तोच. रिम मशीनवर मोकळी फिरवून बघा. डोलत असेल तर टायर चढवायच्या आधीच ठोकून सरळ करायची.

टायरच्या बाहेरच्या अंगाचं चिन्ह किंवा फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर त्याप्रमाणे. भिंतीवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हसमोर ठेवायचा: ती टायरची हलकी बाजू, व्हॉल्व्हची बाजू जड. त्याने वजनं कमी लागतात.

बीडला साबणाचं पाणी किंवा बीड पेस्ट. इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावू देऊ नका, रबर खराब होतं आणि ब्रेक मारल्यावर टायर रिमवर सरकतो. हवा भरताना 'फट्' असा आवाज दोनदा येतो, दोन्ही बीड बसल्याचा. ४० पीएसआयपर्यंत आवाज आला नाही तर हवा सोडून पुन्हा साबण लावायचा. जास्त दाबून बसवण्याच्या नादात बीडची तार तुटते, आणि तो फुटलेला टायर समोरच्याला गंभीर इजा करू शकतो. बसल्यावर रिमच्या काठाशेजारी टायरवर जी बारीक गोल रेघ असते ती सगळीकडे काठापासून सारख्या अंतरावर दिसायला हवी. एका ठिकाणी आत गेली असेल तर बीड नीट बसलेली नाही, आणि बॅलन्सिंगने ते सुधारत नाही.

चाक गाडीवर चढवताना हबचा गंज पुसा. नट हाताने सुरू करा, सगळे. १२×१.२५ चा नट आवळेपर्यंत किमान नऊ-दहा फेरे गेला पाहिजे. कमी गेला तर अलॉयची जाडी जास्त आहे आणि स्टड अपुरा पकडतोय. मग आडव्या-उभ्या क्रमाने, समोरासमोरचे नट आवळत, गाडी जॅकवरून उतरल्यावर शेवटचा जोर. जोर मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढाच, स्विफ्टच्या सालाप्रमाणे ८५ ते १०० न्यूटन-मीटरच्या दरम्यान. टॉर्क पाना नसेल तर अंदाज असा: २५ सेंमीच्या पान्याच्या टोकावर ४० किलोचा भार म्हणजे १०० न्यूटन-मीटर. पान्यावर पाय देऊन उड्या मारायच्या नाहीत. गनने आवळलेले नट रात्री घाटात पंक्चर झाल्यावर गाडीतल्या पान्याने हलत नाहीत, म्हणून गन सुरुवातीलाच, शेवट हाताने. ५० ते १०० किमीनंतर पुन्हा एकदा सगळे तपासा, अलॉय असतील तर हमखास.

अलाइनमेंट लगेच करून घ्या आणि कागदाची प्रत मागा. रुंद टायरवर टो (चाकं पुढून किती आत-बाहेर वळलीत ते माप) चुकीचा असला की कड जास्त वेगाने खाते. मागचा अ‍ॅक्सल एकच तुळईचा आहे, तिथे अ‍ॅडजस्ट करायला काही नसतं. मागचे आकडे मर्यादेबाहेर असतील तर अ‍ॅक्सल वाकलाय का ते शोधा.

हवा दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. "रुंद आहे, पाच पॉइंट कमी ठेवा" हा सल्ला ऐकू नका. वजन तेवढंच आहे. हवा कमी केली की टायर तापतो आणि पावसात पाणी कापत नाही.

पहिली फेरी

चारही टायरच्या खांद्यांवर, म्हणजे नक्षी आणि भिंत मिळतात त्या कडांवर, पांढऱ्या खडूने रेघा ओढा. रिकाम्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण डावीकडे, पुढे आणि मागे, मग उजवीकडे. रिव्हर्समध्ये विसरू नका, मडफ्लॅपला टायर लागतो तो बहुधा तेव्हाच. नंतर मागे तीन माणसं आणि डिक्कीत सामान घेऊन स्पीडब्रेकर तिरका घ्या. उतरून खडू कुठे पुसला ते बघा.

मडफ्लॅपला किंवा प्लॅस्टिकच्या लायनरला हलकं लागत असेल तर स्क्रू काढून लायनर मागे ओढून पुन्हा बसवता येतो, मडफ्लॅपची कड कापता येते. शॉकअप, ब्रेकचा होज किंवा लोखंडाला लागत असेल तर ते माप चूक आहे, कापाकापी करून भागणार नाही. फेंडरचा ओठ ठोकून आत वळवला तर रंग तडकतो आणि कोकणात एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

नव्या टायरवर साच्याचं मेण असतं. पहिले दोनशे किमी जोरात ब्रेक आणि वेगात वळण टाळा.

पाऊस, स्टेपनी आणि कागद

कोरड्या रस्त्यावर १८५ ने पकड वाढते. साचलेल्या पाण्यात मात्र रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो बारीक टायरच्या आधी तरंगायला लागतो. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर जुलैच्या सरीत हे जाणवतं: स्टेअरिंग एकदम हलकं पडतं. अशा वेळी ब्रेक न दाबता ॲक्सिलरेटर सोडायचा. कायद्याची आणि टायरवरच्या खुणेची मर्यादा १.६ मिमी आहे, पण १८५ वर नक्षी ३ मिमीच्या खाली गेली की पावसाळ्याआधी टायर बदललेले बरे.

स्टेपनी १६५/८० आर १४ च राहिली तरी १८५/७० आर १४ आणि १८५/६५ आर १५ या दोन्ही मापांशी तिचा व्यास जुळतो, पंक्चर काढेपर्यंत बेताच्या वेगात चालेल. अलॉय टाकल्या असतील तर स्टेपनीच्या लोखंडी रिमला अलॉयचे नट नीट टेकतात का ते घरीच बघून ठेवा. नाहीतर मूळचे चार नट डिक्कीत पिशवीत असू द्या. १८५ ची स्टेपनी करणार असाल तर डिक्कीतल्या खळग्यात ती मावून वरचा पुठ्ठा सपाट बसतो का, ते आधी पाहा.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदल करू देत नाही. त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला कंपनी जे माप देते तेच टाकलं तर तुमची बाजू भक्कम राहते. रिम बदलल्या असतील तर विमा कंपनीला ईमेलने कळवा आणि उत्तर जपून ठेवा.

बाकीच्या छोट्या गाड्यांनाही हीच पद्धत लागू होते. २०१९ नंतरच्या वॅगनआरला खालच्या प्रकारात १५५/८० आर १३ येतात आणि वरच्या प्रकारात १६५/७० आर १४. व्यास ५७८ आणि ५८७ मिमी. अल्टो ८०० चा १४५/८० आर १२ हा ५३७ मिमीचा, आणि जुन्या अल्टो के१० चा १५५/६५ आर १३ हा ५३२ चा. रिमची पीसीडी, भोक आणि नटचे आटे मात्र प्रत्येक वेळी गाडीवर मोजून घ्यायचे.